सतरंजीवरची मंडळी

यवतमाळ जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या रविवारच्या उपासनेत मुलांनी कोठे बसावे, हा प्रश्न वरकरणी बैठकीच्या सोयीचा वाटत असला, तरी त्याच्या मुळाशी ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. ‘मंडळी’ हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक दोन अर्थांनी वापरतात. उपासनेसाठी जमलेला समुदाय हा त्याचा एक अर्थ, आणि सभासदांची नोंदवही, पाळक, पंच व शिस्तीचे नियम असलेली संस्था हा दुसरा. पहिल्या अर्थाने मूल आईच्या कडेवर असल्यापासूनच मंडळीत असते. दुसऱ्या अर्थाने ते मंडळीत केव्हा येते, याविषयी पंथापंथांत एकमत नाही. खेड्यातल्या लहान मंदिरात पुढे सतरंजी अंथरलेली असते, तिच्यावर पोरे बसतात, त्यांच्या मागे बाकांवर किंवा खुर्च्यांवर मोठी माणसे. म्हणजे पाळकाच्या सर्वांत जवळ असतात ती मुले, आणि पाळकाचा ‘संदेश’, म्हणजे शास्त्रवचनावरचा उपदेश, मात्र त्यांच्या डोक्यांवरून मागच्या बाकांकडे जातो. मधेच एखाद्या वडीलधाऱ्याचे ‘पोट्टेहो, कल्ला नका करू’ एवढेच वऱ्हाडी वाक्य काय ते खास त्यांच्यासाठी असते.

‘उपासना’ या शब्दाची फोड ‘उप’ आणि ‘आसन’ अशी, म्हणजे ‘जवळ बसणे’. मराठी ख्रिस्ती परिभाषेने हा शब्द संस्कृत परंपरेतून घेतला आणि रविवारच्या सामुदायिक भक्तीला दिला, त्यामुळे बसण्याच्या जागेचा प्रश्न मराठीत शब्दाच्या पोटातच आहे. यवतमाळच्या बाबतीत तर तो पंथाच्या नावातही आहे. या जिल्ह्यात प्रॉटेस्टंट मिशनचे काम प्रामुख्याने ज्या पंथाने केले तो फ्री मेथडिस्ट पंथ १८६० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात पेकिन या गावी स्थापन झाला. त्या काळी तेथील अनेक देवळांत बाके भाड्याने दिली जात. पुढची बाके पैसेवाल्या कुटुंबांची, गरिबांसाठी मागची किंवा कडेची. ही पद्धत आणि गुलामगिरी या दोहोंना विरोध करणारे लोक मूळ मेथडिस्ट मंडळीतून बाहेर पडले, आणि बाके सर्वांना मोकळी असावीत हा आग्रह त्यांच्या नावातील ‘फ्री’ या शब्दामागच्या प्रमुख अर्थांपैकी एक ठरला. जागेच्या हक्कावरून जन्मलेला पंथ बेरारात, म्हणजे वऱ्हाडात, येऊन सतरंजीवर बसला, ही गोष्ट मुलांच्या प्रश्नाकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अर्नेस्ट वॉर्ड आणि फीबी वॉर्ड हे या पंथाचे दांपत्य १८८१ मध्ये भारतात आले आणि प्रथम बुऱ्हाणपुराकडे राहिले. पुढे यवतमाळ हे या मिशनचे केंद्र झाले आणि उमरी येथील मिशन रुग्णालय त्याच कामातून उभे राहिले. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. सेमिनरी म्हणजे पाळक व धर्मशिक्षक घडवणारे महाविद्यालय. ‘युनियन’ याचा अर्थ ते एका पंथाचे नसून अनेक मिशनांनी मिळून चालवलेले होते. १९८३ मध्ये ती पुण्यास हलवण्यात आली, पण मधल्या तीस वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले भावी पाळक कापसाच्या या जिल्ह्यात शिकून गेले. मंडळीत कोणाची जागा कोठे, या प्रश्नाला यवतमाळात असा विद्यापीठीय शेजारही लाभला होता.

त्याआधीचा इतिहास मात्र मुलांच्या बाजूने अधिक बोलका आहे. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी बेरार व मध्य प्रांत होरपळून निघाले, आणि आईबाप गमावलेली मुले वेगवेगळ्या मिशनांच्या वसतिगृहांत येऊन पडली. पंडिता रमाबाई पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः फिरल्या आणि शेकडो मुली-बाया त्यांनी आपल्याबरोबर आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचा पाया याच मुलींनी भरला. १९०५ मध्ये मुक्तीत जी प्रसिद्ध धर्मजागृती झाली, तिच्यात प्रार्थनेला बसलेल्या, मोठ्याने रडणाऱ्या, आणि नंतर गावोगाव प्रचाराला गेलेल्या बहुतेक जणी तरुण मुलीच होत्या. ‘मुले ही उद्याची मंडळी’ हे वाक्य मराठी ख्रिस्ती व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येते, पण या इतिहासापुढे ते टिकत नाही. विदर्भ-महाराष्ट्रातील कित्येक मंडळ्यांची पहिली पिढी दुष्काळातून उचललेल्या पोरांचीच होती, आणि त्यांना वाट पाहायला लावील अशी ‘आजची मंडळी’ तेव्हा फारशी अस्तित्वातच नव्हती.

पवित्र शास्त्रात मुलांच्या सहभागाचे जे प्रसंग येतात ते एकमेकांसारखे नाहीत, म्हणून त्यांतून एकच नियम काढणे घाईचे ठरते. निर्गम या पुस्तकात वल्हांडण सणाची, म्हणजे मिसरातील दास्यातून सुटकेच्या स्मरणभोजनाची, मांडणीच अशी आहे की घरातील मुलाने या विधीचा अर्थ विचारावा आणि वडिलांनी तो सांगावा. मुलाचा प्रश्न हा तेथे विधीचा भाग आहे, व्यत्यय नव्हे. नहेम्याच्या पुस्तकात नियमशास्त्र वाचले जाते तेव्हा पुरुष, स्त्रिया आणि ऐकून समजू शकणारे सर्व एकत्र उभे असतात; म्हणजे समज ही तेथे एक कसोटी आहे. योएलाने उपासासाठी बोलावलेल्या सभेत मात्र अंगावर पिणारी बाळेही आहेत, आणि त्यांच्या समजुतीची कोणी चौकशी करीत नाही. येशूकडे आणलेल्या बालकांना शिष्यांनी अडवले आणि येशू शिष्यांवर रागावला, हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. मंदिरात जयघोष करणाऱ्या मुलांवर याजक चिडले, हा त्याच्या जोडीचा प्रसंग तितकासा सांगितला जात नाही, कदाचित त्यातील चिडलेली मंडळी धर्माची अधिकारी माणसे होती म्हणून. प्रेषितांच्या कृत्यांत युतुख नावाचा तरुण पौलाचे लांबलेले भाषण ऐकताना झोपेने खिडकीतून खाली पडतो. लेखकाने त्याला दोष दिलेला नाही, ही गोष्ट लांब संदेश देणाऱ्यांनी जरूर पाहावी.

मतभेदाचा खरा गाभा बाप्तिस्म्यात आहे. पाण्याने होणाऱ्या या दीक्षाविधीने माणूस मंडळीत येतो, एवढे बहुतेक परंपरांना मान्य आहे. पण मेथडिस्ट, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व कॅथलिक परंपरा विश्वासी आईबापांच्या तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात, कारण देवाचा करार कुटुंबाशी आहे आणि माणसाच्या उत्तरापूर्वी देवाची कृपा आलेली असते असे त्या मानतात, तर बॅप्टिस्ट आणि त्यांच्यासारख्या परंपरा स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देतात आणि बाळासाठी ‘समर्पण’ नावाचा वेगळा विधी करतात, ज्यात आईबाप बाळाला देवापुढे आणून त्याला विश्वासात वाढवण्याचे वचन देतात. यवतमाळच्या शेजारी अकोला-अमरावतीकडे काम केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सची रीत ही दुसरी होती. फ्री मेथडिस्टांनी बालबाप्तिस्मा ठेवून आईबापांना समर्पणाचाही पर्याय दिला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हाही हा तिढा सोडवण्याऐवजी दोन्ही पद्धती पर्याय म्हणून मान्य करण्यात आल्या. एकाच गावातील दोन चुलत भावंडांपैकी एकाचे नाव बाप्तिस्म्याच्या वहीत आणि दुसऱ्याचे फक्त समर्पणाच्या यादीत, असे त्यामुळे घडू शकते, आणि सतरंजीवर मात्र ती दोघे मांडीला मांडी लावून बसलेली असतात.

मुलांसाठी वेगळी सोय करण्याची कल्पना ज्या संस्थेतून आली, तिचा आरंभ उपासनेसाठी झालाच नव्हता. १७८० च्या सुमारास इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्र चालवणाऱ्या गृहस्थाने आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना त्यांच्या एकमेव सुटीच्या दिवशी वाचायला शिकवण्यासाठी शाळा काढली. पुढे सरकारी शाळा आल्या, अक्षरओळखीचे काम तिकडे गेले आणि रविवारच्या शाळेत धर्मशिक्षण तेवढे उरले. भारतात १८७६ मध्ये अलाहाबाद येथे इंडिया संडेस्कूल युनियन स्थापन झाली. मराठीत ‘संडेस्कूल’ हा शब्द रुळला, बालबोधमेवासारखी मुलांची मासिके मिशनच्या छापखान्यांतून निघू लागली, आणि उन्हाळ्याच्या सुटीतील बायबल वर्गांची त्यात नंतर भर पडली. या संस्थेने मराठी ख्रिस्ती घरांतील साक्षरतेला आणि शास्त्राच्या ओळखीला जे दिले ते थोडे नाही. दोष आहे तो वेळापत्रकात. संडेस्कूल उपासनेच्या आधी भरते तेथे मुले दोन्हीकडे असतात. ज्या शहरी मंडळ्यांत ते उपासनेच्याच वेळी, संदेश सुरू होताच मुलांना उठवून मागच्या खोलीत नेऊन भरवले जाते, तेथे मुलाला आईवडील प्रार्थना कशी करतात हे बारा-तेरा वर्षे दिसतच नाही, आणि मग अचानक एका रविवारी त्याला मोठ्यांत बसवून शांत राहायला सांगितले जाते. अमेरिकन धर्मचिंतक होरेस बुशनेल यांनी १८४७ मध्ये ‘ख्रिश्चन नर्चर’ या पुस्तकात मांडले की आपण ख्रिस्ती नव्हतो असा काळ मुलाला आठवूच नये अशा रीतीने त्याने वाढावे. एकदम घडणाऱ्या पालटावर भिस्त ठेवणाऱ्या तत्कालीन पंथांना ते रुचले नाही, परंतु वेगळ्या खोलीचा विचार करताना त्यांचा युक्तिवाद अजूनही उपयोगी पडतो. भाषा जशी घरात बोलली जाते म्हणून येते, तशी भक्तीही केली जाते तेथे असल्याने येते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते गाण्यात. पाश्चात्त्य चालीवरचे स्तोत्र चार-चार ओळींच्या कडव्यांचे असते, प्रत्येक कडव्याचे शब्द वेगळे, त्यामुळे ते गाण्यासाठी पुस्तक हातात हवे आणि ते वाचताही यायला हवे. पाच वर्षांचे मूल अशा गाण्यात फक्त उभे राहू शकते. भजनाची घडण वेगळी आहे. एकाने कडवे म्हणायचे आणि सर्वांनी ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, उचलायची. दोन आवर्तनांत ध्रुपद पाठ होते आणि तिसऱ्या वेळी सतरंजीवरचे सर्वांत लहान पोरही ते ओरडून म्हणते, बहुधा अर्धा ठेका आधीच. पेटी, ढोलकी किंवा तबला आणि झांजा एवढ्यावर हे चालते, आणि झांजेची एक जोडी मुलाच्या हाती देता येते. वारकरी दिंडीत टाळ घेतलेले मूल ज्या रीतीने अभंग शिकते त्याच रीतीची ही शाळा आहे. १८६० च्या दशकात अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) ख्रिस्ती लोकांनी कीर्तनाचा प्रकार आपल्या प्रचारात आणला. नारायण वामन टिळकांनी, ज्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, अभंग व भजनाच्या वळणाची गीते मोठ्या संख्येने लिहिली, आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून ती मराठी मंडळ्यांत घरोघर पोचली. टिळक बाप्तिस्म्यापूर्वी काही काळ नागपूरकडे होते, तेव्हा वैदर्भीय वाचकाला ते परके नाहीत. टिळकांचा हेतू ख्रिस्ती भक्ती देशी वळणाची व्हावी हा होता, तिचा लाभ निरक्षर प्रौढांइतकाच मुलांना झाला, आणि हल्ली पडद्यावर शब्द दाखवून म्हटल्या जाणाऱ्या नव्या गाण्यांच्या भरात तो लाभ हातचा जाऊ लागला आहे.

गोव्यात हाच अनुभव वेगळ्या रूपात आढळतो. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आला तेव्हा रस्त्यातून घंटा वाजवीत मुले गोळा करी आणि त्यांना धर्मतत्त्वे चालीवर म्हणायला लावी. ती मुले घरी जाऊन तेच गात. पुढे तेथील चर्चच्या शाळांत ‘मेस्त’ म्हणवले जाणारे संगीतशिक्षक मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवू लागले, कारण चर्चच्या गायनवृंदाला त्यांची गरज होती. गरज होती हा मुद्दा महत्त्वाचा आहे: मुलाला संधी म्हणून गायला उभे करणे आणि त्याच्यावाचून गाणे अडणे यांत मोठे अंतर आहे. नाताळाच्या नाटिकेत मेंढपाळाचा फेटा बांधून उभे असलेले मूल टाळ्या मिळवते, पण ती नाटिका मोठ्यांनी पाहायची असते. उपासनेच्या आधी घंटेचा दोर ओढणारे, गीतांचे क्रमांक लाकडी पाटीवर लावणारे, अर्पणाची थैली दोन्ही हातांनी धरून बाकांमधून फिरवणारे किंवा स्तोत्रसंहितेतला नेमून दिलेला भाग आठवडाभर घरी वाचून रविवारी उभे राहून वाचणारे मूल उपासना चालवीत असते.

समजेचा प्रश्न यानंतरही उरतोच. लहान मुलाला अमूर्त विचार अवघड जातो आणि डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल अशा वस्तूंतून तो विचार करतो, हे झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचे निरीक्षण शिक्षणशास्त्रात सर्वपरिचित आहे. ‘नीतिमान ठरवणे’ किंवा ‘प्रायश्चित्त’ अशा शब्दांवर उभा असलेला संदेश त्याच्या हाती लागत नाही. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी, ज्या १९३९ मध्ये मद्रासला येऊन पुढे काही वर्षे भारतात राहिल्या, बार्सिलोनात मुलांच्या उंचीची वेदी व बैठक असलेले प्रार्थनास्थळ करून पाहिले होते. त्यांच्या पद्धतीवर १९५४ पासून रोममध्ये सोफिया कावालेत्ती यांनी मेंढपाळ व मेंढरांच्या छोट्या लाकडी आकृत्या, छोटी वेदी, छोटी भांडी मुलांच्या हाती देऊन येशूचे दृष्टांत मांडायला सुरुवात केली. दृष्टांत म्हणजे ओळखीच्या व्यवहारातून सांगितलेली अर्थपूर्ण गोष्ट, आणि येथे यवतमाळचे मूल रोमच्या मुलापेक्षा पुढे आहे. पेरणाऱ्याचा दृष्टांत त्याला समजावून सांगावा लागत नाही: तिफणीमागे चालताना पांदणीवर सांडलेले दाणे पाखरे टिपतात, धुऱ्याजवळच्या काट्यांत उगवलेले रोप वर येत नाही, बरड जमिनीत ओल टिकत नाही आणि काळ्या कसदार रानात पीक भरते, हे त्याने ज्येष्ठ-आषाढापासून पुढे पाहिलेले असते. पाळकाने संदेशाच्या आरंभी सतरंजीकडे वळून ‘तुमच्या वावरात धुऱ्याकडचं बी कसं येते?’ एवढे विचारले, तर पुढच्या दहा मिनिटांचा धागा मुलांच्याही हातात राहतो, आणि मागच्या बाकांवरचे शेतकरीही जरा सरसावून बसतात.

भाषेचा अडसर मात्र खरा आहे. मराठी बायबलची भाषा जुनी, ग्रांथिक; मुलांची घरची बोली वऱ्हाडी, आणि जिल्ह्यातील कोलाम, गोंड व बंजारा वस्त्यांत तर कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी. प्रमाण मराठी हीच ज्याची दुसरी भाषा, त्या मुलाला शास्त्रातले वचन हे तिसऱ्या पायरीवरचे असते. प्रार्थनेचा एखादा भाग घरच्या बोलीत करण्यास कोणत्याही पंथाच्या नियमांची आडकाठी नाही; आडकाठी असते ती बोली देवापुढे शोभत नाही या समजुतीची.

प्रभुभोजनाच्या बाबतीत नियमांचीच आडकाठी असते. भाकर व द्राक्षारस घेऊन ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरण करण्याचा हा विधी पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स आणि केरळातील सिरियन ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बाप्तिस्म्यापासूनच, म्हणजे तान्ह्या बाळालाही, खुला असतो. पश्चिमेत मात्र तो हळूहळू मोठ्यांचा झाला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ‘विवेकाचे वय’ ही मर्यादा धरली आणि पुढे ती दहा-बारा वर्षांपर्यंत, कधी त्याहून वर सरकली. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ती सुमारे सातव्या वर्षावर आणली. त्यामुळे कॅथलिक मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद शाळकरी वयात होतो; यवतमाळ जिल्हा ज्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो तेथेही हाच नियम लागू आहे, आणि १९७३ मध्ये रोमने मुलांच्या मिस्सांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिकाही काढली. प्रॉटेस्टंटांत बहुधा दृढीकरण, म्हणजे बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, झाल्यावरच भाकर मिळते. जागतिक चर्च परिषदेने १९८० मध्ये जर्मनीतील बाड सेगेबर्ग येथे नेमक्या याच प्रश्नावर विचारसभा घेतली. इंग्लंडच्या चर्चने २००६ मध्ये बाप्तिस्मा झालेल्या मुलांना दृढीकरणाआधी प्रभुभोजन देण्याचे नियम केले. भारतातील मंडळ्यांत ही चर्चा संथ आहे. ज्या मुलाला बाप्तिस्म्याने घरात घेतले त्याला जेवणाच्या पंगतीतून उठवायचे, याचे समर्थन मराठी माणसाला पंगतीच्या भाषेत करणे कठीण जाते. समर्थन होते ते आत्मपरीक्षणाच्या आज्ञेचे, आणि ती आज्ञा पौलाने ज्या करिंथकरांना दिली ते उपाशी बांधवांची वाट न पाहता आधी जेवून घेणारे प्रौढ होते.

पूर्ण सहभागाच्या आग्रहाला एक मर्यादा भारतीय संविधानानेच आखली आहे. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही. मिशनच्या शाळेतील सकाळची प्रार्थना आणि मंडळीतील रविवारची उपासना या म्हणून दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथे विचार आहे तो दुसरीचा, जिच्यात मूल आईबापांबरोबर येते.

कापूस-ज्वारी घरी येऊ लागली की मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. कोणी ज्वारीची कणसे आणतो, कोणी तुरीच्या शेंगा, कोणी भोपळा, कोणी कापसाची बोंडे फुललेली अख्खी पऱ्हाटी. वेदीभोवती ढीग लागतो, प्रार्थनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि आलेली रक्कम मंडळीच्या कामाला जाते. मूल ओंजळीत एक अंडे किंवा आठ-दहा भुईमुगाच्या शेंगा घेऊन येते, आणि लिलावात त्या शेंगांचा पुकारा मोठ्यांच्या पोत्यांइतक्याच खड्या आवाजात होतो, कधी त्यांहून चढी बोलीही लागते. संडेस्कूल, नाटिका किंवा बालदिनाची खास उपासना यांपैकी कशातही मुलाचे देणे मोठ्यांच्या देण्याशेजारी, एकाच ढिगात, असे ठेवले जात नाही. बोली संपते, शेंगा विकत घेणारा त्या फोडून सतरंजीवर वाटून टाकतो, आणि टरफले गोळा करायला अर्थातच मुलांनाच सांगितले जाते.